सुमनाक्कांची संकेश्वरी

"अगं ये, वर ये लवकर! आली, आली!"

सुमनाक्का गच्चीवरून अशा ओरडल्या, की मला वाटलं त्यांची लेक बाळंत झाली. गॅस बंद करून मी धावले. आक्का कुंडीपुढं उकिडव्या बसलेल्या. मातीतून हिरवा, वाकलेला कोंब आला होता. "बघ की, कशी मान वर काढलीया!"

निपाणीला बदली होण्याआधी मी बेळगावात, कॅम्पजवळ त्यांच्याकडं भाड्यानं राहायचे. आक्का निवृत्त नर्स. माहेर संकेश्वरजवळच्या खेड्यातलं. आई, रखमाबाई, जन्मभर दुसऱ्यांच्या रानात मिरची तोडायला गेली. स्वतःचं रान नव्हतं. परसात चार रोपं, त्यांचंच बी दरवर्षी धरायची. ती गेल्यावर चार वर्षांनी जुनं घर पाडलं, तेव्हा ट्रंकेत चिंधीत बांधलेल्या तेवीस बिया निघाल्या. रुजली ही एकच.

"खडेबाजारात संकेश्वरी मिरची मिळते की, आक्का," मी एकदा म्हणाले.

"ती नुसती झोंबती. आईची आधी घमघमायची, मग झोंबायची!"

फुलं आली तशी आक्कांनी रोपाला मलमलीची पिशवी बांधली. शेजारच्या गच्चीत ढोबळी मिरची होती ना! "माश्या लई आगाऊ असत्यात. सरमिसळ झाली तर आईचं वाण गेलं."

वळवाच्या गारा सुरू झाल्या, तेव्हा तर त्या छत्री घेऊन कुंडीवर ओणव्या उभ्या राहिल्या. छत्री उलटली. मी धुण्याचं घमेलं घेऊन पळाले, ते आम्ही दोघींनी रोपावर धरलं. पाठीवर गारांचा मार, आणि आक्का हसतायत!

सात मिरच्या पिकल्या. एकही खाल्ली नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या बियांची रोपं घेऊन आम्ही बसनं त्यांच्या गावी गेलो.

आईच्या जोडीनं मिरची तोडणाऱ्या गौराबाई अजून होत्या. आक्कांनी जपून ठेवलेली एक वाळकी मिरची त्यांच्या हातात दिली. म्हातारीनं ती मोडली, नाकाशी नेली. डोळे मिटले.

"व्हय गं! ही तर रखमाची!"

तोवर बायका गोळा झाल्या, जी ती रोपं मागू लागली. संध्याकाळपर्यंत आक्कांनी घरोघर जाऊन स्वतःच्या हातानं लावून दिली.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. नखांत माती तशीच. मग एकदम माझा हात दाबून म्हणाल्या, "आईला कधी वीतभर रान मिळालं न्हाय गं. आज अकरा परसांत हाय ती."