अण्णांचा खालचा सूर

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर गाण्याचा फक्त तळ गायला. तरुणपणी दौंडच्या रेल्वे कॉलनीत शेजारच्या तीन अँग्लो-इंडियन मित्रांबरोबर ते रेल्वेच्या क्लबातल्या, म्हणजे इन्स्टिट्यूटमधल्या, नाचाच्या कार्यक्रमांत गायचे. वाद्यं जवळजवळ नाहीतच. एक जण मुख्य चाल म्हणणार, दोघं मधले सूर धरणार आणि सगळ्यांत खालून अण्णा ‘डूम डूम, डिप डिप’ करणार. या प्रकाराला डू-वॉप म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. ते तिघं पुढं एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघून गेले. अण्णा लोको शेडमध्ये राहिले आणि आपला चतकोर हिस्सा घरात एकटेच गात राहिले, दाढी करताना, सायकल पुसताना. “झाली पाण्याची मोटार सुरू,” आई म्हणायची. आम्हा भावंडांना वाटायचं, गाणं म्हणजे एवढंच असतं.

आई गेल्यावर मी त्यांना इथं परदेशात, माझ्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर घेऊन आलो. विसरणं तोवर सुरू झालं होतं. आधी वस्तूंची नावं गेली, मग माझ्या बायकोचं, मग माझं. डूम डूम मात्र शाबूत होतं. माझी मुलगी शाळेतून आली की त्यांच्याबरोबर टेबलावर ताल धरायची. “बाबा, धिस इज नॉट इव्हन अ साँग लाह,” असं मला ऐकवायची, पण धरायची. या वर्षी अण्णांचं डूम डूमही थांबलं.

पुण्याचे नातेवाईक फोनवर सांगायचे, “अरे, जुनी गाणी लाव. संगीतानं सगळं परत येतं.” उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? लावू कुठली? मला एकाही गाण्याची चाल ठाऊक नव्हती, शब्दही नव्हते. माझ्याकडे होता तो नुसता तळ.

आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर शनिवारी एक म्हातारे चिनी गृहस्थ गिटार घेऊन बसतात. एकदा मी भाजी घेऊन येत होतो, तेव्हा ते काहीतरी जुनं इंग्रजी गाणं गात होते. मी ते कधीच ऐकलं नव्हतं, तरी ते कुठं थांबणार हे मला आधीच कळत होतं. त्या रिकाम्या जागेत अण्णांचं डूम डूम नेमकं बसत होतं. पिशवी हातात धरून मी तिथंच रडलो. मग वर जाऊन अण्णांना लिफ्टनं खाली आणलं. मुलगीही मागोमाग आली.

“कम, अंकल, सिट,” गृहस्थ म्हणाले. मी सांगितलं तसं त्यांनी तेच गाणं धरलं, ती जागा आली तशी भुवया उंचावून थांबले. अण्णा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. गृहस्थांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. “कमॉन, आजोबा,” मुलगी पुटपुटली. मी देव पाण्यात घालून बसलो होतो. काही नाही. मला भयंकर राग आला, अण्णांचा, आजाराचा आणि संगीताबद्दल गोड बोलणाऱ्या यच्चयावत माणसांचा.

गृहस्थांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली, तेव्हा ती रिकामी जागा मला सोसवेना. मी स्वतःच गायलो. डूम डूम, डिप डिप, शेवटपर्यंत. आवाज माझा राहिलाच नव्हता, थेट त्यांचा होता. जन्मात पहिल्यांदा मी ते गाणं पुरं ऐकलं.

अण्णा सबंध वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. गाणं संपल्यावर जरा पुढं झुकले आणि पाहुण्यांशी बोलायचे तशा अदबीनं म्हणाले, “छान गाता तुम्ही. कोणाकडून शिकलात?”

“वडिलांकडून.”

“वा! असतात का ते इथं?”

मुलगी माझ्याकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणालो.