दुवालांची भावकी

आमचे घरमालक अण्णा त्या दिवशी मला आपली म्हणाले नसते, तर मी आज शेगडीपुढं नसते, कोठडीत असते. हे आधीच सांगून ठेवते.

आडनावावर अण्णांइतका विश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडायचा नाही. नेरे गावातल्या आपल्या भातखाचरात त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. पण भाडेकरूला भाडं सांगायच्या आधी ते आडनाव विचारत आणि त्याची भावकी पार पौडपर्यंत मोजून दाखवत. एकदा गॅसची टाकी आणणाऱ्याला त्यांनी चुलत्याची खुशाली विचारली. त्याला चुलताच नव्हता. "आसंल की, तुला म्हाईत न्हाई," म्हणाले. मी जालन्याकडची, सातवीतून शाळा सुटलेली, या खोल्यांमधल्या लोकांचा स्वयंपाक करणारी. माझ्या आडनावाचं त्यांना तालुक्यात कुणीच सापडेना, तेव्हा त्यांना माझी अशी काही कीव आली, जणू मी पुरातून वाहत आले होते.

मग वरच्या खोलीत दुवाल नावाचा फ्रेंच इंजिनिअर आला. अण्णांनी माझ्या मोबाइलवर ते आडनाव शोधायला लावलं, आणि काय काय निघालं! चित्रकार, सेनापती, डॉक्टर, अमेरिकेतलं एक गाव, कुठलीशी कादंबरी. अण्णा हरखले. साहेब जिना उतरले की रोज विचारायचे, "सेनापती काय म्हनत्यात?" साहेब मोडक्या हिंदीत हसून म्हणायचे, "अण्णा, मेरा कोई नहीं."

"गप बसा वो! गाव हाय तुमच्या नावाचं, आन् कोन न्हाई म्हनताय?"

एका सकाळी चहा घेऊन मी माझ्याकडच्या चावीनं दार उघडलं. साहेब पलंगाशेजारी जमिनीवर पडलेले, गार. पोलीस आले. साहेबांचं घड्याळ सापडेना आणि चावी माझ्या हातात. फौजदार म्हणाले, "चल, बस गाडीत."

अण्णा आडवे आले. "ती माझी हाय."

"तुमची? मग हिचं आडनाव वेगळं कसं?"

"आडनावाचं काय घेऊन बसलाय, सायेब? काय इचारायचं ते हितं इचारा, माझ्या ओट्यावर."

हे अण्णा बोलले. अण्णा!

दुपारी घड्याळ न्हाणीत साबणाच्या डबीमागं सापडलं. साहेबांचं हृदय बंद पडलं होतं, असं दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लिहून दिलं. वकिलातीनं पुष्कळ शोधलं, पण एकही दुवाल आला नाही. पुरायला कंपनीतले तिघं, मी आणि अण्णा. मूठभर माती टाकून अण्णा हळूच म्हणाले, "येवढी भावकी, आन् माती द्यायला मी."

तेव्हापासून ते कुणाला आडनाव विचारत नाहीत. नवा माणूस आला की गुमान पाण्याचा तांब्या पुढं करतात. मला मात्र तो जुना प्रश्न पुन्हा ऐकावासा वाटतो.

अण्णा, तुमचं हे मी एक दिवस फेडीन. तुमच्या दारात कधी कुणी "यांचं कोण आहे?" म्हणून विचारलं, तर जिथं असेन तिथून धावत येईन आणि म्हणेन, मी आहे.