कात्री लागण्याआधी

दुकानातले सगळे तिला टाचणी म्हणत. अंगाने काटकुळी, ओठांत सदा चारसहा टाचण्या धरलेल्या, आणि तोंड उघडलं की टोचणारच. राग यायला तिला वेळ लागे, पण आला की तो मुक्कामालाच येई. चुलतजावेने एकदा तिच्या कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापला होता. कापडाच्या कात्रीने, पुठ्ठा! त्याला नऊ वर्षं झाली, आणि त्या नऊ वर्षांत टाचणी त्या जावेशी एक अक्षर बोलली नव्हती. अगदीच अडलं तर निरोप नवऱ्यामार्फत. अशा बाईच्या वाटेला जायचं तर माणूस धाडसी तरी हवा, नाहीतर अडाणी तरी. साखऱ्या अडाणी होता, निदान या बाबतीत.

साखऱ्या म्हणजे दुकानाचा मॅनेजर. तीन मजली कपड्यांचं दुकान, आणि त्यात हा गडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत जिभेवर साखर ठेवून हिंडायचा. टाचणीची शिवणखोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. एक मशीन, कडा बांधायचं एक ओव्हरलॉक, भिंतीला आरसा, आणि शेजारच्या टेबलावर दिवसभर वाफ काढत बसलेली इस्त्रीवाली मावशी. गिऱ्हाईकाने कपडा पसंत केला की तो मापाला बसवायला इथे यायचा. पँट आखूड करा, कोटाच्या बाह्या आत घ्या, कमरेत दोन बोटं सैल करा. दुकानाचा नियम एकच, आणि तो दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला: कात्री लागलेला माल परत घेतला जाणार नाही. तोवर गिऱ्हाईक खुशाल परत देऊ शकत होतं. म्हणजे विक्री पक्की व्हायची ती गल्ल्यावर नाही, टाचणीच्या टेबलावर. ही गोष्ट बावीस वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होती आणि तिने कधी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

आता तिचं घरचं कपाट. चार दारांचं, खोलीची एक अख्खी भिंत खाल्लेलं, आणि तरीही बंद होत नसे. नवऱ्याने दाराला दोरी बांधली होती. त्याचे स्वतःचे चार शर्ट पलंगाखालच्या पेटीत. आपल्यासारखी माणसं दुकानात जातात, कपडा अंगाला लावतात, बसत नसेल तर सुस्कारा सोडून परत ठेवतात. माप ही आपल्या हौसेला घातलेली वेसण आहे. टाचणीला ती वेसणच नव्हती. तिप्पट मोठा कोट असो नाहीतर बोटभर अरुंद झगा असो, तिला दिसायचा तो शिवून झालेला. इथून उसवायचं, इथे चूण घालायची, बाही वरून उचलायची, झालं! आणि घेऊन टाकायची. रविवारी बसून करू म्हणायची. रविवारी धुणं असायचं, सासऱ्यांचं पथ्यपाणी असायचं, आणि दिवसभर दुसऱ्यांचे कपडे शिवून आलेल्या बाईला सुई बघवत नसे.

हे साखऱ्याने बरोब्बर हेरलं होतं. हंगाम संपत आला की कुणी हात लावत नाही असा माल उरतो. अवाढव्य मापाचा, नाहीतर बाहुलीच्या मापाचा. साखऱ्या तो हातावर टाकून शिवणखोलीत यायचा. "ताई, हे बघा काय कापड आहे! ज्याला शिवणातलं कळतं त्याच्याच हाती जावं असं वाटलं. दुसऱ्या कुणाचं काम नाही हे. तुमच्या हाताला काय अवघड?" टाचणीचे कान लाल व्हायचे. बावीस वर्षांत मालकीणबाईंनी नाही, गिऱ्हाईकांनी नाही, नवऱ्यानेही तिच्या हाताला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. साखऱ्या म्हणायचा. वर हळूच सांगायचा, "स्टाफ म्हणून बिल करायला फार सह्या लागतात हो. आपण साधं गिऱ्हाईकाचं बिल करून टाकू." ती मान डोलवायची.

मग एका दुपारी एक बाई नवी पँट घालून ट्रायल रूममध्ये उभी होती आणि टाचणी तिच्या पायाशी गुडघे टेकून दुमड लावत होती. पडदा ओढलेला. बाहेर साखऱ्या फोनवर. दुसऱ्या शाखेचा मॅनेजर असावा, कारण साखऱ्या हसत होता.

"अरे, माझ्याकडे काही उरतच नाही. युक्ती सांगू? मागे शिवणखोलीत एक खड्डा आहे. बाईच्या हाताची जरा स्तुती करायची, की कितीही टाका, भरत नाही. कचरा नेते आणि वर थँक्यू म्हणते! पुढच्या महिन्यात मालकीणबाई येतायत, चारही दुकानं माझ्याकडे देतायत. काय? अरे, दिली म्हणूनच समज."

टाचणीच्या ओठांत सहा टाचण्या होत्या. तोंड उघडता येत नव्हतं, आणि तेच बरं झालं. उघडलं असतं तर त्या दिवशी फक्त भांडण झालं असतं. तिने उरलेली दुमड लावली, एकही टाचणी वाकडी न जाऊ देता.

घरी गेल्या गेल्या तिने कपाटाची दोरी कात्रीने कापली. जे आत होतं ते बाहेर आलं, तिने ओढायची वाटही न पाहता. मग ती एकेक घालून आरशासमोर उभी राहिली. कोटात हात दिसेनात, झग्यात डोकं अडकलं, एका पँटमध्ये दोन्ही पाय एकाच बाजूला मावले. नेहमी तिला शिवून झालेला कपडा दिसायचा. आज पहिल्यांदा आहे तसा दिसला. दुकानाची चिठ्ठी अजून लोंबकळत असलेले कपडे तिने वेगळे काढले. एकसष्ट भरले. एकसष्ट वेळा त्या माणसाने तिला मूर्ख बनवलं होतं, आणि एकसष्ट वेळा तिने मान डोलवली होती. पहिल्या गोष्टीचा राग मोठा की दुसऱ्या, हे तिला सांगता येईना. तिने दोन्ही त्याच्याच नावावर टाकले.

नवरा दारात उभा. "सगळं देऊन टाक कुणालातरी. माझी पेटी तरी वर येईल."

"अहो, घातलेले देऊन टाकते. चिठ्ठीवाले नाही."

"का? त्यांचं काय लोणचं घालणार आहेस?"

"त्या मेल्याला जेवायला घालणार आहे," टाचणी म्हणाली. नवऱ्याने पुढे काही विचारलं नाही. चुलतजावेचं प्रकरण त्याने जवळून पाहिलं होतं.

ठरवणं सोपं असतं. चारच दिवसांनी साखऱ्या एक कोट घेऊन आला. बाटलीच्या काचेसारखा हिरवा, आत रेशमी अस्तर, काजं हाताने केलेली. माप मात्र पहिलवानाचं. "ताई, बघा तरी." टाचणीने पाहिलं, आणि झालं, तो कोट तिला शिवून झालेला दिसायला लागला! खांदे उतरवायचे, पाठीत शिवण घ्यायची... हात आपोआप पुढे गेला. या माणसाचा गळा आवळावासा वाटत होता, आणि त्याच वेळी त्याच्या हातातला कोट हवा होता. असली लाज तिला जन्मात वाटली नव्हती. तिने दुसऱ्या हाताने टाचण्यांची डबी ओढली आणि मूठभर टाचण्या ओठांत धरल्या. आता हो म्हणायची सोयच राहिली नाही. तिने मान आडवी हलवली. साखऱ्या हसला, कोट घेऊन गेला. त्यानंतर त्याची चाहूल लागली की टाचण्या तोंडात. मावशी म्हणाली, "अगं, गिळशील एखाद दिवशी."

"गिळेन, पण घेणार नाही."

नुसतं न घेण्याने तिचं पोट भरेना. दारावरची पाटी तिने बावीस वर्षांनी नीट वाचली, आणि त्या दिवसापासून कात्री उचलण्याआधी ती गिऱ्हाईकाला विचारू लागली. आवाज अगदी मऊ. "याच्यासारखं घरी आहे का हो?" आणि मग, "येत्या महिन्यात कुठे घालाल?" आणि शेवटी आरशातून डोळ्याला डोळा भिडवून, "मापाचं नसताना घेतलंत, ते आवडलं म्हणून की कुणी फार छान दिसतं म्हणालं म्हणून?" बायका गोंधळायच्या. पुरुष तर ओशाळायचे. "तसा एक आहे खरा निळा... दोन आहेत." टाचणी कात्री खाली ठेवायची. "अजून कात्री लागलेली नाही. परत देता येईल. लागली की संपलं." एक जाडजूड गृहस्थ चार शर्ट घेऊन आले होते, एक घेऊन गेले आणि जाताना तिचा हात हातात घेऊन आभार मानून गेले. परतीचा रॅक भरला. मग त्याच्या शेजारी दुसरा लावावा लागला. साखऱ्या मजल्यांवरून घामाघूम होऊन फिरत होता, विकणाऱ्या पोरींना झापत होता. टाचणी आत मशीन चालवत गुणगुणत होती. मावशीने तिला गुणगुणताना कधीच ऐकलं नव्हतं.

नोकरी जाईल ही भीती होतीच. घरात औषधं चालू, नवऱ्याची कामं कधी असत कधी नसत. पण साखऱ्या चारही दुकानांचा साहेब झाला, तर तो चारही शिवणखोल्यांत असले खड्डे शोधणार, हे तिला दिसत होतं. ते होऊ द्यायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते कारण तिने मागाहून शोधलं. मूळ इच्छा एकच होती, त्याला सगळ्यांसमोर आडवा पाडायचा.

मालकीणबाई आल्या त्या सकाळी टाचणी दोन तास लवकर आली, नवऱ्याला आणि चार गाठोड्यांना घेऊन. मालकीणबाई तळमजल्यावर पोचल्या तेव्हा शिवणखोलीबाहेर दोन लांब दांड्यांवर एकसष्ट कपडे लटकत होते, चिठ्ठ्या बाहेरच्या बाजूला, हंगामाच्या क्रमाने लावलेले. सगळा स्टाफ मागे उभा.

"हा कुठला माल?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माझ्या घरचा," टाचणी म्हणाली. "दर हंगामाला दुकानात काही उरत नाही, ते इथे उरलंय."

साखऱ्याने हसून वेळ मारून न्यायला पाहिली. "बाई, ताईंना कपड्यांची जरा हौस आहे. आपण तरी काय करणार!" मागे दोघेतिघे हसले.

टाचणीने दांडीवरचा सगळ्यात मोठा कोट काढला आणि अंगात घातला. बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या, खांदे कोपरांवर उतरले, खालची कड फरशीवर लोळली. त्यातून तिचं एवढंसं डोकं वर आलेलं. "ही माझी हौस," ती म्हणाली. "हिच्यात माझ्यासारख्या तीन बायका मावतील. आणि हे विकणाऱ्याला माझं माप माहीत नव्हतं असं नाही."

आता कुणी हसलं नाही. मालकीणबाईंनी चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. स्टाफने घेतलेला माल विक्रीत धरायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. "यातलं स्टाफच्या बिलावर किती गेलं?" त्यांनी साखऱ्याला विचारलं. "एकही नाही," टाचणीने सांगितलं. हे तिने इतक्या चवीने सांगितलं की मावशीला इस्त्रीच्या टेबलाचा आधार घ्यावा लागला.

चार दुकानं दुसऱ्याला मिळाली. साखऱ्याला गोदामात पाठवलं, चारही ठिकाणचा न खपलेला माल सांभाळायला. टाचणीने ते ऐकलं, त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि गाढ झोपली.

जायच्या दिवशी तो शिवणखोलीत आला. साखर उतरली होती. "ताई, एक विचारतो. मी कधी तुमचा हात पिरगाळून काही घ्यायला लावलं का?"

टाचणीने ओठांतल्या टाचण्या काढून सुयांच्या गादीत खोचल्या. "नाही. पिरगाळला असता तर तेव्हाच सोडवून घेतला असता. तुम्ही माझ्या हाताला चांगलं म्हणालात. बावीस वर्षांत तुम्ही एकटेच म्हणालात."

"ते काही खोटं नव्हतं हो," तो पटकन म्हणाला. "हात तुमचा खरंच..."

"बास! ते मला आता कसं कळणार? कुणी म्हटलं तरी मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघणार. गोदामात तुमचा जन्म गेला ना, तरी एवढं फिटणार नाही. निघा."

तो गेला. मावशी म्हणाली, "जिंकलीस गं बाई." टाचणीने ताजी शिवलेली पँट उलटी केली आणि दिव्याखाली धरली. टीप सरळ होती का, बारीक होती का, ती कितीतरी वेळ बघत राहिली. चांगली आहे की नाही, ते तिचं तिला ठरवता येईना.