रहिमानचं गाणारं खोकं

सांगली, सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४. नळाला पाणी उशिरा. रहिमानने स्पीकरच्या खोक्यांची जोडी पाच आठवड्यांनी पुरी केली. अकरा वाजता साताऱ्याहून सुमंत आले, साडेबाराला गेले.

रहिमान नऊ वर्षं माझ्या घरामागच्या खोलीत काम करतो. सतारी करायला तो मिरजेत वडिलांच्या हाताखाली शिकला. तुणाचं लाकूड तासून तासून इतकं पातळ करायचं की टिचकी मारली तरी बोललं पाहिजे, एवढंच त्याचं शिक्षण. पण दोन वर्षांत नवी सतार कोणी सांगितली नाही. साताऱ्याच्या एका कारखान्यात माल भरायचं काम मिळत होतं. चोपन्नाव्या वर्षी तिथे जाऊन उभं राहायचं, या विचाराने त्याला जेवण जाईना.

तेवढ्यात सुमंत आले. ते घरगुती स्पीकर बनवतात. नमुन्याची जोडी पसंत पडली तर वीस जोड्यांचं काम. खोक्यांसाठी एमडीएफच्या फळीचं जाडजूड पान आणि आत बसवायचे स्पीकर ते देऊन गेले. रहिमानने पान भिंतीला टेकवून ठेवलं.

"बाई, ह्यो भुसा हाय, चिकटवलेला. ह्यातनं सूर कसा निघंल? आब्बाच्या वेळचं तुण पडून हाय माझ्याकडं. इकत घ्यायला नको, आन् आवाज बघा कसा येतोय!"

मलाही ते पटलं. त्याने सतारीच्या भोपळ्यावरच्या तबलीसारख्या पातळ फळ्या तासल्या.

काल त्याने मला जोडी ऐकवली. वरचे सूर गोड होते, खालच्या सुरांत काहीतरी घुमत होतं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. "कसं वाटतंय, बाई?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा पाहून मी "छान" म्हणाले. सांगायला हवं होतं.

आज सुमंतनी गाणं लावलंच नाही. एका माणसाचं साधं बोलणं लावलं. प्रत्येक जड शब्दामागे 'हूंऽ' असा आवाज येत होता. त्यांनी खोक्यावर तळवा ठेवला.

"चाचा, हे खोकं गातंय."

"मग चांगलंच की, साहेब!"

"सतारीत लाकडानं गायचं. इथं स्पीकरचा पडदा गातो, खोक्यानं गप्प बसायचं. सागवान घातलं तरी ते थोडंफार बोलतंच, आणि किंमत कुठल्या कुठं जाते. चांगला प्लाय चालतो, पण महाग. एमडीएफ जड, मेलेलं आणि स्वस्त."

"मेलेलंच पायजे व्हय?"

सुमंतनी गाडीतून आपलं करड्या रंगाचं बोजड खोकं आणलं, तेच बोलणं त्यातून ऐकवलं. माणूस समोर बसून बोलतोय असं वाटलं. रहिमानचा कान पक्का. दुसऱ्या वाक्यालाच त्याने मान खाली घातली.

दारात उभ्या ताहेराला, त्याच्या बायकोला, राहवेना. "जलम गेला लाकडाला बोलायला शिकवन्यात. आता गप म्हनायला जीब उचलंना व्हय?"

"आठ दिवस द्या, साहेब," रहिमान म्हणाला. "तुमच्या पानाचं करतो. आतनं आडव्या पट्ट्या मारतो. मुकं करून देतो."

"चाचा, एका जोडीला पाच आठवडे लागले. मला महिन्यात वीस पाहिजेत. पुण्यात मशीन दिवसात कापून देतंय."

"चार दिवस द्या. रात्रीचा बसतो."

सुमंत भले माणूस. खाली बघत "नाही जमणार" म्हणाले आणि जोडीतले स्पीकर काढून घेऊन, आपलं खोकं उचलून गेले.

रहिमानने रंधा पुसून पेटीत ठेवला. मी कालची गोष्ट त्याला सांगितली, की मला ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "मलाबी आलं हुतं, बाई. वाटलं, ह्येच चांगलं." मग त्याने माल भरायच्या कामासाठी कारखान्याला फोन लावला. गुरुवारी हजर व्हायचं आहे. जाताना जोडी माझ्या ओट्यावर ठेवून म्हणाला, "जाळू नगा. कायतरी ठिवा त्यात."

संध्याकाळी लिहिलं: एका खोक्यात कांदे भरले, सहा किलो मावले. दुसरं रिकामं आहे.