गुडघ्याचं निमित्त

मी लग्नाचे स्वयंपाक करायचं सोडलं ते गुडघ्यांमुळे, असं तिसगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत अजून सगळे समजतात. माझे गुडघे तेव्हा ठणठणीत होते. आजही आहेत. मोहटादेवीचा डोंगर मी काठी न घेता चढू शकतो, पण चढत नाही, कारण कोणी पाहिलं तर काय सांगू?

मी आचारी. मिसरूड फुटायच्या आधी मामाच्या हाताखाली भाज्या चिरायला लागलो, ते केस पिकेपर्यंत पंगतींना जेवू घातलं. माझं नाव होतं ते मिठावर. चार माणसांची आमटी कोणालाही जमते, चाखून बघायची आणि लागेल तसं टाकायचं. गावजेवणाच्या पातेल्याला ती सोय नाही. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न उष्टं करायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बाकीचे आचारी तोंड फिरवून थेंबभर तळहातावर घेतात, हे मला माहीत होतं. मी घेत नसे. मला घ्यावं लागत नाही, हे मी चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगत असे. आता त्या सांगण्याचीच जास्त लाज वाटते.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तरुणपणापासून माझ्या हाताखाली होता. त्याला आणि बाकीच्या गड्यांना माझा एक नियम पाठ होता. मी मिठाला हात घातला की चुलीपाशी कोणी तोंड उघडायचं नाही, कारण किती ओंजळी पडल्या ते मनात धरावं लागे. एकदा मेहुण्याने मध्येच काही विचारलं, तेव्हा हातातली ओंजळ मी त्याच्या अंगावर फेकली होती. तेव्हापासून त्याने मिठाच्या वेळी कधी शब्द काढला नाही.

आता त्या लग्नाचं सांगतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष, त्र्याहत्तरचा उन्हाळा. आमच्या भागात विहिरींचे तळ दिसत होते आणि माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती. अशात शेजारच्या खेड्यातल्या एका शेतकऱ्याने थोरल्या मुलीचं लग्न काढलं होतं. सोयरीक नेवाशाकडची, पाटाच्या पाण्याखालची माणसं. कोरडवाहू घरातली पोर बागायतदारांकडे जायची होती, म्हणून बापाने काही कमी पडू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. लापशी, भात, वांग्याची भाजी आणि आमटी. पाण्यासाठी बैलगाडीवर पिंप ठेवून तो पहाटेपासून खेपा करत होता.

आमटीला उकळी आली, मी मोठ्या पळ्याने ती ढवळली आणि मीठ टाकलं. तेवढ्यात गाडी आली. पिंप उतरवताना हिंदकळून पाणी सांडायला लागलं, म्हणून मी ओरडत धावलो. त्या वर्षी सांडलेलं पाणी बघवत नसे. गाडीवाल्यावर मनसोक्त तोंडसुख घेऊन मी चुलीपाशी परतलो, आमटीकडे पाहिलं, आणि मीठ टाकलं.

नैवेद्य झाला. देवाने काही तक्रार केली नाही. पहिली पंगत वरपक्षाची बसली. मी चुलीपासून बघत होतो. पाणी वाढणारी पोरं नुसती पळत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचायच्या आत पहिल्या टोकाचे पेले रिकामे. मी मेहुण्याला म्हणालो, "बागायतदार मानसं, उनाची सवय न्हाई ह्यांना." त्याने मान खाली घातली आणि भाताखालचा जाळ सारला.

थोड्या वेळाने मुलीचा बाप माझ्याकडे आला. डोक्यावरचा फेटा घामाने भिजला होता. अगदी हळू म्हणाला, "मामा, मानसं जादा आली. दुसऱ्या पंगतीला आमटी पुरायची न्हाई. जरा पानी वाढवा तिच्यात."

माझं डोकंच फिरलं. "माज्या आमटीत पानी? कमी पडली तर पुन्यांदा पळा हातात धरनार न्हाई. पातळ आमटी मी कुनाच्या पानात वाढली न्हाई आजवर."

"माझी चुकी झाली, मामा," तो म्हणाला. "आवतणं जास्त गेली माझ्या हातनं. पन आज ऐका माझं."

त्याने खरोखर हात जोडले. मी तरी ऐकेना. चव बिघडली तर मला बोल लावायचा नाही, असं मी चार माणसांच्या देखत त्याच्याकडून वदवून घेतलं. मग तो घरात गेला आणि झाकून ठेवलेल्या दोन घागरी घेऊन आला. ते त्याच्या घरच्यांचं प्यायचं पाणी होतं. त्याने आपल्या हाताने ते आमटीत ओतलं. मी तोंड वाकडं करून बाजूला उभा राहिलो.

आचारी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. वरात निघायची गडबड सुरू झाली तेव्हा मी पान घेऊन बसलो. भातावर आमटी घेतली, पहिला घास तोंडात घातला, आणि माझा हात तिथेच थांबला. दोन घागरी पाणी पडूनही खारटपणाने जीभ आवळत होती. पळणारी पोरं, बापाचा घाम, जोडलेले हात, सगळं एकदम ध्यानात आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मेहुण्याला विचारलं, "दोनदा पडलं का रे?"

तो पानाकडे बघत म्हणाला, "व्हय, दाजी. मला वाटलं, आर्धं आधी आन् आर्धं मागनं, असं काय तरी तुमचं आसंल. आन् मिठाच्या टायमाला बोलायचं न्हाई ना."

तेवढ्यात मुलीचा बाप आला. रिवाजाप्रमाणे त्याने माझ्या डोक्यावर नवी टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं, हातात नारळ दिला. म्हणाला, "लई चांगलं झालं, मामा. व्याही खूश हायेत." त्याचे ओठ कोरडे पडले होते. मला बोलायचं होतं. मी नारळ घेऊन गाडीत बसलो.

सोडायचं, हे मला त्या गाडीतच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि सोडणं वेगळं. त्या उन्हाळ्यातल्या आणखी लग्नांच्या तिथ्या मी घेतलेल्या होत्या, आणि एखादी चूक कोणाच्याही हातून होते, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय मी एक युक्ती काढली. मीठ टाकलं की पातेल्याच्या झाकणावर एक खडा ठेवायचा. म्हणजे परत येऊन खडा दिसला की हात लावायचा नाही.

दोन लग्नं त्यावर निभावली. तिसऱ्या लग्नात मी चुलीपाशी आलो तर खडा खाली, दोन पातेल्यांच्या मध्ये पडलेला. झाकण काढताना कोणी पाडला, का मी ठेवायच्या आधीच हातातून सुटला? आणि होता तो कोणाचा, आमटीचा का भाजीचा? मी मिठाच्या पोत्यापाशी उभा राहिलो. गडी नेहमीप्रमाणे गप्प झाले. मी मीठ टाकणार म्हणून ते गप्प झाले, आणि मला त्या क्षणी कोणी तरी बोलावं असं वाटत होतं. शेवटी मीच गड्यांच्या देखत मेहुण्याला विचारलं, "टाकलं का रे मी?"

"दोन्हीत टाकलं, दाजी," तो म्हणाला. इतक्या हळू, की त्यालाच माझी लाज वाटत असावी.

त्या दिवशी आमटी झकास झाली. लोक हात धुता धुता म्हणत होते, काय हात आहे मामांचा! ते ऐकून मला पळून जावंसं वाटलं. त्या पातेल्यात काय पडलंय हे मला माहीत नव्हतं, माझ्या मेहुण्याला माहीत होतं, आणि वाहवा माझी चालली होती. हंगाम संपल्यावर पळा त्याच्या हातात द्यायचा, हे मी तिथेच ठरवलं.

राहिलं ते, लोकांना कारण काय सांगायचं. बायको म्हणाली, "खरं ते सांगून टाका की. म्हातारपनी इसरतं मानूस."

मी म्हणालो, "मीठ इसरतो म्हनलं, तर लोक मागचं उकरून काडत्याल. कंच्या लग्नात, कुनाच्या घरी. त्या बिचाऱ्याची अब्रू जाईल. गुडगे दुखत्यात म्हनू. गुडग्याला कोनी नावं ठेवत न्हाई."

त्या बिचाऱ्याची अब्रू हे मी बायकोला सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. खरं म्हणजे मला माझं नाव जपायचं होतं. लोकांनी म्हणावं, मामांसारखा हात पुन्हा होणे नाही, गुडघ्यांनी घात केला. आणि तसं ते म्हणालेही. आखाड सरता सरता गावाने मारुतीच्या देवळात मला बोलावून शाल दिली. मेहुण्याच्या हातात मी सगळ्यांसमोर पळा दिला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी बाजारातून नवी काठी घेतली होती, ती टेकत घरी आलो.

काठी घेतली म्हणजे लंगडणं आलं. ते काम स्वयंपाकापेक्षा अवघड निघालं. एकदा बाजारातून येताना बायको मागून म्हणाली, "अहो, काल डावा हुता." मी तिच्यावर खेकसलो आणि पाय बदलला.

त्या वर्षी पाऊस बरा झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच मुलीचा बाप माझ्या दारात उभा राहिला. मुलाचं लग्न काढलं होतं. त्याला बघताक्षणी मला घरात लपावंसं वाटलं. तो मात्र ओट्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "मामा, सैपाक तुमीच करायचा."

"गुडगे, बाबा," मी म्हणालो.

"तुमी नुस्तं बसून सांगा. मीठ तेवढं तुमच्या हातचं पायजे."

मी त्याच्याकडे पाहिलं. टोमणा म्हणावा तर डोळ्यांत काही दिसेना. आपण या माणसाला पुन्हा बोलावलं म्हणजे मागचं सगळं ठीक झालं होतं असं लोकांना दिसेल, एवढाच त्याचा हिशेब असावा. किंवा त्याला माझी दया आली असावी. मी घसा खाकरून म्हणालो, "त्या दिशी, तुमच्या पोरीच्या लग्नात..."

"कंच्या दिशी?" तो म्हणाला आणि बशीतला चहा फुंकायला लागला. मग उठताना म्हणाला, "मग पंगतीला तरी या. पयल्या पंगतीला बसा. आजवर कदी बसला न्हाई तुमी."

ते खरं होतं. आयुष्यभर पंगती उठवल्या, पण पहिल्या पंगतीत बसून जेवणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी गेलो. स्वयंपाक मेहुण्याचा होता. काठी टेकत मांडवात शिरलो तशी एक तरणी पोर लगबगीने आली. अंगावर नवं लुगडं, कडेवर तान्हं मूल. मूल दुसरीकडे देऊन तिने माझ्यासाठी पाट आणला, त्यावर घोंगडीची घडी घातली आणि म्हणाली, "बाबा, गुडगे दुखत्यात ना? हितं भिंतीला टेकून बसा." ही त्याची थोरली, तिच्याच लग्नात मी स्वयंपाक केला होता. मी तिला नीट अशी आजच पाहत होतो, आणि तिने तर मला कधीच पाहिलं नव्हतं. नवरी चुलीपाशी कशाला येते?

पानं वाढून झाली. आमटीचं ओगराळं घेऊन तीच पंगतीत आली. माझ्या भातावर आमटी घालून म्हणाली, "पोटभर खावा, बाबा. आज खारी न्हाई. म्या चुलीपाशी जाऊन इचारून आले."

माझ्या शेजारचा, नवरीकडचा म्हातारा म्हणाला, "असं का गं म्हनती?"

"माज्या लग्नात लई खारी झाल्ती. तवापासनं सासरी मला नावानं कोनी हाकच मारीत न्हाई. खाऱ्या आमटीची म्हनत्यात. म्या भाजी केली का सासूबाई समद्यांसमोर आधी मलाच चाखायला लावत्यात, आन् मगच पानात घेत्यात." ती हसत सांगत होती. सांगून सांगून तिला त्याची सवय झाली होती.

"आन् आचारी कोन हुता?"

"कोन की! म्हातारा हुता म्हनं. गेला आसंल आता."

पंगत खळखळून हसली. मीही हसलो. वर्षभर मी माझ्या नावाचा विचार केला होता, तिच्या बापाच्या अब्रूचा केला होता, आणि ज्या पोरीचं ते लग्न होतं ती माझ्या मनात एकदाही आली नव्हती. तिचा बाप तांब्या घेऊन मागेच उभा होता. "गप, पुढं वाढ," तो तिला म्हणाला, आणि माझा भरलेला पेला त्याने पुन्हा भरला.

आमटी उत्तम झाली होती. मी पान चाटूनपुसून संपवलं, कारण टाकलं असतं तर तिने विचारलं असतं. मी तोच आचारी, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पंगत उठायला लागली तशी ती धावत आली. "हळू, बाबा, माजा हात धरा," म्हणाली आणि माझ्या काखेत हात घालून तिने मला वर ओढलं. मी सगळा भार तिच्यावर टाकला आणि कण्हत कण्हत उठलो.