खालच्या पाण्याची ओढ

रायन, लीना,

रविवारच्या कॉलवर तुम्ही विचारलंत, आजोबा भर मे महिन्यात फुल शर्ट का घालतात? त्यांनी हसून विषय बदलला. पण नाताळला आलात की धरणात पोहणार म्हणताय... म्हणून आत्ताच लिहिते. तुमच्या या आजीने जन्मभर भूगोल शिकवला. आता सांगते तसल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात, चंदनसारच्या पलीकडच्या धरणावर, आजोबांच्या मित्राची होडी घेऊन आजोबा आणि मी दोघंच पार मधोमध गेलो. वरचं पाणी कोमट लागत होतं.

"तळाचं गार पाणी पाजतो तुला, टीचर," म्हणत आजोबांनी त्यांच्या आईची तांब्याची कळशी दोरीला बांधून खाली सोडली. दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं — वाडीतल्या विहिरीवर गुंडाळायचे तसंच.

"अहो, ही विहीर नाही."

"तू शाळेत शिकव. पाणी काढायला मला नको शिकवूस!"

तेवढ्यात समुद्राकडून वारा सुटला. होडी पूर्वेला लोटली जाऊ लागली, दोरी मात्र पश्चिमेला ताणली गेली. इथवर मला समजतं. वारा वरचं गरम पाणी एका काठाला ढकलतो, तेव्हा खालचा गार थर उलटा सरकतो. पण एका कळशीला एवढी ओढ? होडी जागीच अडकली, कलली. दोरी मनगटात रुतली.

"सोडा ना!"

"सुटत नाही गं..."

त्यांचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. पपईसाठी आणलेल्या सुरीने मी दोरी कापायला लागले, तर सुरी नायलॉनवरून नुसती घसरत होती. तोंडातून 'नमो मरिये' ही प्रार्थना कधी सुरू झाली, कळलं नाही. वारा तसाच होता — आणि दोरी अचानक सैल पडली.

वर ओढली. कुठेही तुटलेली नव्हती. कोणी सावकाश सोडावी तशी कळशीकडची गाठ सुटली होती, कळशी नव्हती.

मीच वल्हवत पश्चिम काठ गाठला. तिथलं पाणी बर्फासारखं होतं. तळाचा थर त्या काठाला वर येतो, हेही पुस्तकात आहे; तसं मी आजोबांना म्हटलंही. पण कळशी पाण्याबाहेर, खडकावर सरळ उभी होती... काठोकाठ भरलेली.

"आता बोल, टीचर," आजोबा हळूच म्हणाले. "तुझा थर खडकावर चढतो?"

मी कळशी उचलून पाणी परत धरणात ओतलं.

कळशी आमच्या स्वयंपाकघरात आहे, कोरडी. आजोबांच्या मनगटावर दोरीचा वळ अजून आहे, म्हणून तो फुल शर्ट.