निळ्याचा लाल

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आजही नाही. या सदरातले काही अनुभव वाचून मी हसलेलोही आहे. पण परवा मुलीने कॉम्प्युटरवर माझ्या फोटोतला हिरवा शर्ट एका क्लिकमध्ये लाल करून दाखवला... आणि मला जेवण गेलं नाही. तिला कारण सांगितलं नाही. इथे सांगतो.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. रत्नागिरीत रामआळीतल्या एका स्टुडिओत मी ब्लॅक अँड व्हाइट फोटो हाताने रंगवायचो — ब्रश, कापूस, रंगाच्या बाटल्या. एकदा खाडीपलीकडच्या भाट्याची एक बाई आली. नवरा मासेमारीला गेला होता. होडी मिळाली, माणूस नाही. त्याचा फोटो मोठा करून, रंगवून हवा होता. दीर तो दाखवत बंदराबंदरातून विचारत फिरणार होता.

"शर्ट लाल कर हां," ती म्हणाली. "हाच घालून गेलेत. दुसरा रंग केलास तर लोक वळखायचे नाय."

दीर घ्यायला आला तेव्हा शर्ट तेवढा राहिला होता. लालची बाटली सुकलेली, दुसरी बाटली मुंबईहून यायची होती. "आटप रे बाबा, एस्टी काय माझी वाट बघत थांबणाराय?" तो दारातून म्हणाला. तो मुंबईला कामाला. भावाच्या शर्टाचा रंग त्याला काय ठाऊक. मी निळा मारला. माणूस चेहऱ्यावरून ओळखतात, शर्टाचं कोण बघतं... असं वाटलं.

आंजर्ल्याच्या बाजूला एक प्रेत लागलं होतं. चेहरा उरला नव्हता. अंगात निळा शर्ट. फोटोशी जुळला. दिराने तिथेच अग्नी दिला आणि घरी येऊन वहिनीला बांगड्या फोडायला लावल्या.

हे कानावर आलं तेव्हाच मी भाट्याला जायला हवं होतं. गेलो नाही. मेलाच असणार तो, अशी स्वतःची समजूत घातली.

मग तीच स्टुडिओत आली. कपाळ मोकळं. पिशवीतून फोटो काढून तिने काउंटरवर ठेवला.

"तू तर लालच केलायस."

शर्ट लाल होता. मी फोटो उजेडात नेला. ब्रशचे फटकारे माझेच, कॉलरपाशी रेषेबाहेर गेलेला रंगही तसाच... पण लाल. निळ्याचा मागमूस नाही. आणि आमची लालची बाटली अजून यायचीच होती.

"भावजी शपथ घेतात, तिथं फोटोत निळा होता म्हणून. पोलिसांनी पण निळाच बघितलानी." ती माझ्याकडे बघत होती. "रंग असा बदलतो काय रे?"

आत मालक ऐकत होते. नोकरीची भीती... की नुसतीच लाज?

"बदलतो कधी कधी," मी म्हणालो. "हवेने."

"कापडाचा पण? खाऱ्या पाण्यात?"

"हो."

तिने माझ्या हातातून फोटो घेतला. "मला वाटायचं, ते अंग ह्यांचं नाय. मी रोज पुळणीवर जाऊन समुद्राकडे बघत बसायचे. बायका हसतात — नवऱ्याला जाळलान, आता वाट कोणाची बघतेय म्हणून." तिने फोटो पिशवीत घातला. "आता नाय जाणार."

ते प्रेत कोणाचं, कधी कळलं नाही. तिचा नवराही परत आला नाही. निळ्याचा लाल कसा झाला, हे मी पुढे मुंबईच्या जुन्या कारागिरांनाही विचारलं. कोणाला सांगता आलं नाही. मला एवढंच कळतं — त्या फोटोने तिला खरं सांगितलं होतं, आणि ते मी खोटं पाडलं.